आपण यांना पाहिलंत का?

मुंबई दूरदर्शनवर पूर्वी संध्याकाळी काही मिनिटांचा एक कार्यक्रम लागायचा, ‘आपण यांना पाहिलंत का?’ पडद्यावर फोटो यायचा. बहुतेक वेळा पासपोर्टच्या आकाराचा, मोठा केल्यामुळे पिठूळ झालेला. मागून आवाज सांगत जायचा: नाव, वय, उंची, बांधा, वर्ण, अंगावरचे कपडे, कोणती भाषा बोलता येते, कधीपासून बेपत्ता, आणि माहिती मिळाल्यास कोणत्या पोलीस ठाण्याला कळवायचं. मग पुढचा फोटो.

आमच्या पुण्यातल्या घरात ही सगळ्यांची उठण्या-बसण्याची वेळ होती. कुणी पाणी प्यायला जायचं, कुणी दार लावायला. टीव्हीसमोर यायची ती फक्त आजी. हाताला पीठ लागलेलं असायचं, ते तसंच घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहायची आणि प्रत्येक चेहरा नीट पाहायची. फोटो बदलण्याआधी पुटपुटायची, “नाही रे बाळा, नाही दिसलास.” भांडुपहून हरवलेला पोरगा पुण्यात कुठून दिसणार, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, “का? डेक्कन क्वीन रोज येते की मुंबईहून. बसला असेल तीत, तर?”

त्या कार्यक्रमाला शेवट नसायचा, हे मला फार उशिरा कळलं. आज दाखवलेलं मूल उद्या सापडलं की नाही, हे पडद्यावर कधी कळायचं नाही. फोटोतली मुलं आमच्या घरात यायची, आजीकडे बघायची आणि निघून जायची.

मुलांच्या अपहरणाचे आणि सुटकेचे भाग मी टीव्हीवर पाहत आले, त्याला आता पस्तीस-चाळीस वर्षं झाली. मराठीत त्याची सुरुवात ‘एक शून्य शून्य’ने झाली. पोलीस नियंत्रण कक्षाच्या क्रमांकाचं नाव घेतलेली दूरदर्शनची मालिका. दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि त्यात काम करणारे शिवाजी साटम. पुढे हीच जोडी ‘सीआयडी’त आली. जानेवारी 1998 पासून ऑक्टोबर 2018 पर्यंत वीस वर्षं, दीड हजारांहून जास्त भाग, आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा नव्यानं. पोलीस तपास कसा असतो, याचं एका अख्ख्या पिढीच्या मनातलं चित्र इथून आलं आहे.

सुटकेच्या भागाची चाल आपल्याला पाठ असते. शाळेच्या फाटकाशी थांबलेली गाडी. रस्त्यात पडलेली पाण्याची बाटली. खंडणीचा फोन, पोलिसांना कळवायचं नाही अशी धमकी. फोन आणखी काही सेकंद चालू ठेवा, अशी अधिकाऱ्याची बापाला खूण. पैशांची बॅग, बंद पडलेली गिरणी, आणि मग ते दार. दार तुटतं, खांबाला बांधलेलं पोर दिसतं. बाहेर जीपच्या दिव्यांत आई धावत येते. मूल तिच्या कुशीत शिरतं आणि नावं वर सरकू लागतात.

हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. खंडणीसाठी मुलं पळवली जातात. त्यासाठी भारतीय दंड संहितेत 1993 साली 364-अ हे वेगळं कलम घालावं लागलं, फाशीच्या शिक्षेपर्यंत जाणारं. मिठी पाहताना माझे डोळे आजही भरून येतात. 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘क्राइम पेट्रोल’नं तर खऱ्या प्रकरणांवरून, नावं बदलून, कितीतरी भाग केले, आणि त्यांत पोलीस ठाण्याच्या बाकावर ताटकळलेला बाप दाखवला, फोनच्या नोंदी चाळत बसलेला शिपाई दाखवला. ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

पण या भागांना एक गोष्ट जमत नाही. त्यांना थांबता येत नाही. पन्नास मिनिटांत मूल परत यावंच लागतं, नाहीतर मेलेलं सापडावं लागतं. जे मूल दोन्हींपैकी काहीच करत नाही, त्याच्यासाठी पडद्यावर जागा उरत नाही. आजीच्या कार्यक्रमात होती.

०००

मूल हरवलं की आईबाप पोलीस ठाण्यात जातात. तिथे ठाणे अंमलदार काय लिहितो, यावर पुढचं बरंचसं ठरतं. वर्षानुवर्षं तो ‘मिसिंग’ची नोंद करायचा. मनुष्य मिसिंग, अमुक नंबर. मिसिंग म्हणजे गुन्हा नव्हे. गुन्हा नाही म्हणजे घटनास्थळाचा पंचनामा नाही, तपासी अंमलदाराला न्यायालयात कुणी जाब विचारणार नाही. “येईल घरी”, “नातेवाइकांकडे बघा”, “कुणाबरोबर गेली का?” अशा शब्दांत ते पहिले तास जात. आणि मुलांच्या बाबतीत महत्त्वाचे असतात ते नेमके तेच तास. मूल अजून जवळ असतं, कुणीतरी त्याला नुकतंच पाहिलेलं असतं.

दिल्लीला लागून असलेल्या नोएडातल्या निठारीचे लोक जवळजवळ दोन वर्षं मुलं हरवल्याच्या तक्रारी घेऊन फिरत होते. मोलमजुरी करणारी माणसं. डिसेंबर 2006 मध्ये तिथल्या एका घरामागच्या नाल्यात हाडं सापडली, तेव्हा देशाला त्या तक्रारी ऐकू आल्या. पुढे ‘बचपन बचाओ आंदोलन’ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 10 मे 2013 रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांच्या पीठानं आदेश दिला: मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची आणि उलट काही सिद्ध होईपर्यंत ते पळवलं गेलं आहे किंवा तस्करीत सापडलं आहे, असं गृहीत धरायचं.

तेव्हापासून आपल्या वर्तमानपत्रांत एक वाक्य सारखं दिसू लागलं: अज्ञात इसमाने कशाचे तरी आमिष दाखवून, फूस लावून, फिर्यादीच्या कायदेशीर रखवालीतून पळवून नेले. गाव कोणतंही असो, वाक्य तेच. मूल रागावून स्वतः निघून गेलं असलं तरी तेच. या साच्याला मी पूर्वी नावं ठेवायचे. आता ठेवत नाही. ते वाक्य लिहिलं गेलं की एका माणसाच्या नावावर तपास चढतो. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जावं लागतं. कायद्याच्या मराठीत रखवालीतून नेण्याच्या या गुन्ह्याला ‘अपनयन’ म्हणतात. आपण बोलताना अपहरणच म्हणतो, पण कायद्यात दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. अपहरणात जबरदस्ती किंवा फसवणूक लागते. अपनयनात मूल राजीखुशीनं गेलं असलं तरी गुन्हा होतो, कारण मुलाच्या ‘हो’ला कायदा ‘हो’ धरत नाही. मला हा फार माणुसकीचा कायदा वाटतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा आकडा असा: त्या एका वर्षात देशात 83,350 मुलं हरवल्याची नोंद झाली. त्यांत 62,946 मुली. त्याच वर्षात शोध लागलेल्या मुलांची संख्या 80,561, यांत आधीच्या वर्षांत हरवलेलीही आली. म्हणजे पोलिसांना मुलं सापडतात, हजारोंनी सापडतात. यांतली बहुतेक प्रकरणं खंडणीची नसतात. त्यांत फोन येत नाही. कुणी परीक्षेच्या भीतीनं निघालेलं, कुणी बापाच्या माराला कंटाळून, कुणाला कामाला लावतो म्हणून आणलेलं, कुणी लग्नाच्या वचनावर भुलून गेलेली. घरी खंडणी द्यायला काही नसतंच, त्यामुळे अंधाऱ्या गोदामाचा प्रसंग या मुलांच्या वाट्याला येत नाही.

त्यांच्या वाट्याला येतो फलाट. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर रेल्वे सुरक्षा दलाच्या उपनिरीक्षक रेखा मिश्रा यांनी 2016 या एका वर्षात 434 मुलं हुडकली. त्या वर्षी साऱ्या मध्य रेल्वेवर मिळून अशी साडेअकराशेच्या आसपास मुलं मिळाली होती, त्यांतली ही एकट्या बाईंची. 2018 पासून त्यांच्या कामावरचा धडा महाराष्ट्राच्या दहावीच्या मराठीच्या पाठ्यपुस्तकात आला. त्या मूळच्या अलाहाबादकडच्या, पण मराठी मुलांनी त्यांच्याबद्दल मराठीत वाचावं हे मला अगदी योग्य वाटलं. गाडी रिकामी झाली, गर्दी पांगली, आणि एक पोर तिथेच उभं आहे. हातात सामान नाही, कुणाची वाट पाहावी तसं पाहतही नाही. लाखो माणसांच्या त्या लोंढ्यात हे एक थांबलेलं पोर दिसायला डोळा लागतो. मग त्याच्याजवळ जाऊन बसायचं, खायला द्यायचं, आणि ते खरं नाव सांगेपर्यंत धीर धरायचा. यात दार कुठेच तुटत नाही.

मुलांच्या मदतीची 1098 ही दूरध्वनी सेवासुद्धा याच शहरातली. 1996 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी ती प्रयोग म्हणून सुरू केली. दस, नौ, आठ. उलटे मोजलेले आकडे, लहान मुलाच्याही लक्षात राहावेत असे.

०००

त्याच 1996 सालच्या शेवटी कोल्हापूरचं प्रकरण बाहेर आलं. एक आई आणि तिच्या दोन मुली. 1990 पासून मुलं पळवायची, चोऱ्या करताना त्यांची ढाल करायची आणि उपयोग संपला की त्यांना मारून टाकायचं. सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली दोघी बहिणींची फाशी कायम केली. दयेच्या अर्जाला झालेल्या अक्षम्य उशिरामुळे जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली. मला आठवतात ती तेव्हाची बसस्थानकं. आया मुलांचे दंड इतके घट्ट धरायच्या की बोटांचे वळ उठायचे. मूल पळवणारी म्हणजे परकी, फाटकी, फिरस्ती, असं एक चित्र त्या दिवसांत पक्कं झालं. खरं तर त्या बायका दिसायला चारचौघींसारख्याच होत्या. पण भीतीला तपशील नको असतात.

त्या भीतीचं पुढे काय झालं, ते लिहिताना आजही माझा हात थांबतो. 2018 च्या उन्हाळ्यात मोबाइलवर एक चित्रफीत देशभर फिरत होती. दोघं मोटारसायकलवरून येतात, रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलतात आणि पसार होतात. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येई. ती फीत होती कराचीतली. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या ‘रोशनी हेल्पलाइन’साठी बनवलेली जनजागृतीची फिल्म. मूळ फिल्ममध्ये तोच मोटारसायकलवाला पुढच्या क्षणी वळून परत येतो, मुलाला खाली ठेवतो आणि मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो हे सांगणारा फलक धरतो. आपल्याकडे पोचेपर्यंत कुणीतरी तो शेवट कापला होता. सुटका कापली, फक्त अपहरण ठेवलं.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा आधीच पसरलेली. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांनी पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. त्या पाचांनाही घरं होती, मुलं होती. त्या दिवशी मारणाऱ्या कितीतरी जणांना आपण पोरांना वाचवतो आहोत असंच वाटत असणार. मी जेव्हा जेव्हा दार तोडण्याचा प्रसंग पाहते, तेव्हा मला आता राईनपाड्याची ती खोली आठवते.

०००

टीव्हीनं खरंखुरं मूल शोधल्याची एक गोष्ट अमेरिकेतली आहे. जुलै 1981 मध्ये फ्लोरिडातल्या एका मोठ्या दुकानातून सहा वर्षांचा अ‍ॅडम वॉल्श नाहीसा झाला. पुढे त्याचा खून झाल्याचं उघड झालं. चोरीच्या मोटारींची माहिती देशभरच्या संगणकांत भरली जाते, हरवलेल्या मुलांची का नाही, हा त्याच्या आईबापांचा सवाल होता. 10 ऑक्टोबर 1983 रोजी एनबीसी वाहिनीनं त्यांच्यावरचा ‘अ‍ॅडम’ हा टीव्हीपट दाखवला. कथा संपल्यावर पडद्यावर 55 हरवलेल्या मुलांचे फोटो आले, एकामागून एक, खाली फोन नंबर. त्यांतली काही मुलं लोकांनी ओळखली आणि ती घरी गेली. पुढच्याच वर्षी तिथे हरवलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. अ‍ॅडमचे वडील जॉन वॉल्श पुढे कितीतरी वर्षं टीव्हीवर फरार गुन्हेगारांचे चेहरे दाखवत राहिले.

त्या टीव्हीपटातला अभिनय गाजला, पण मुलं शोधली ती शेवटच्या फोटोंनी. म्हणजे ‘आपण यांना पाहिलंत का?’नंच. हे वाचलं तेव्हा मला उंबऱ्यातली आजी दिसली.

आता चेहरे यंत्रं बघतात. एप्रिल 2018 मध्ये दिल्ली पोलिसांनी बालगृहांतल्या मुलांचे फोटो हरवलेल्या मुलांच्या फोटोंशी यंत्राकडून ताडून पाहिले आणि चार दिवसांत 2,930 मुलांची ओळख पटल्याचं सांगितलं गेलं. आईबापांसाठी याहून मोठी बातमी नसेल. पण 2019 मध्ये महिला व बालविकास मंत्रालयानंच दिल्ली उच्च न्यायालयात कबूल केलं, की या यंत्रणेला मुलगा आणि मुलगी यांतलाही फरक ओळखता येत नाही. यंत्र सुधारेल. तोवर माणसांनी बघणं सोडता कामा नये.

मूल सापडल्यावर काय होतं, तेही मालिकांत नसतं. चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मुंबईत डोंगरी आणि मानखुर्दची बालगृहं या मुलांनी पाहिलेली असतात. समिती मुलाला विचारते, घरी जायचं आहे का? काही मुलं नाही म्हणतात. का, ते ऐकून घ्यावं लागतं. काही वर्षांनी परतलेल्या मुलाला घरची भाषा अडखळत येते. आईनं जपलेले कपडे होत नाहीत. धाकटं भावंड त्याच्याहून उंच झालेलं असतं. मिठी सुटल्यानंतरचा हा सगळा काळ कुणी आस्थेनं दाखवला, तर मी तो पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पाहीन.

०००

अंधेरी पश्चिमेच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक राजेंद्र धोंडू भोसले यांच्याकडे हरवलेल्या मुलींचा शोध असायचा. 2008 ते 2015 या काळात त्या हद्दीतून 166 मुली हरवल्या. भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 165 शोधून काढल्या. राहिली एक. जानेवारी 2013 मध्ये शाळेसाठी घराबाहेर पडलेली सात वर्षांची मुलगी. तिचं नाव मी इथे देत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या 74 व्या कलमाला ते मंजूर नाही आणि मलाही नाही. वर्तमानपत्रांनी तिला ‘मुलगी क्रमांक 166’ म्हटलं.

भोसल्यांनी दोन वर्षं नोकरीत असताना तिचा शोध घेतला. 2015 मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतरही सात वर्षं ते शोधत राहिले. आता ते पोलीस नव्हते, कुणी त्यांना विचारणार नव्हतं, नोंदवहीत 165 या आकड्यावर कुणीही शाबासकी दिली असती. मालिकेचा भाग यावर कसा करायचा? एक निवृत्त माणूस पुन्हा त्याच गल्ल्यांत जातो, पुन्हा तेच विचारतो, आणि काही घडत नाही. सात वर्षं काही घडत नाही.

दरम्यान मुलगी जिवंत होती. मूल नसलेल्या एका जोडप्यानं तिला नेलं, असं पोलिसांनी पुढे सांगितलं. शहरभर तिची पत्रकं लागली, बातम्या आल्या, तसे ते घाबरले आणि त्यांनी तिला कर्नाटकात वसतिगृहात ठेवलं. त्यांना स्वतःचं मूल झाल्यावर तिचे हाल सुरू झाले. मुंबईत परत आणून तिला घरकामाला लावलं. ती राहत होती ते ठिकाण तिच्या आईच्या घरापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर होतं. अर्धा किलोमीटर. त्या अंतरात मुंबईत एक भाजीबाजार असतो, दोन रिक्षाथांबे असतात, एखादी शाळा असते. त्याच गर्दीतून तिची आईही जात असेल. वडील तोवर कर्करोगानं गेले होते.

2022 साली ती जुहूच्या एका घरात लहान मूल सांभाळायच्या कामाला लागली. तिथे कामाला येणाऱ्या दुसऱ्या एका बाईंशी ती बोलू लागली. आपण ज्यांच्याकडे राहतो ते आपले आईबाप नाहीत, 2013 मध्ये त्यांनी आपल्याला आणलं, एवढं तिनं त्यांना सांगितलं. या बाईंचा पोलीस तपासाशी कधी संबंध आला नव्हता. त्या घरकाम करणाऱ्या, सकाळपासून दुसऱ्यांची भांडी-धुणी करून दमलेल्या. पण त्यांनी ते ऐकून सोडून दिलं नाही. मोबाइलवर मुलीचं नाव आणि ‘हरवली’ असं घालून शोधलं. नऊ वर्षांपूर्वीच्या बातम्या आल्या. त्यांत एक जुनं पत्रक होतं. सात वर्षांच्या मुलीचा फोटो, आणि खाली संपर्कासाठी पाच फोन नंबर.

मुलीनं फोटो पाहिला आणि स्वतःला ओळखलं.

बाईंनी नंबर लावायला सुरुवात केली. एक बंद. दुसरा बंद. नऊ वर्षांत माणसं घरं बदलतात, कार्डं बदलतात, आशा सोडतात. पाचांपैकी चार नंबर लागत नव्हते. एक लागला. तो मुलीच्या आईच्या शेजाऱ्यांचा होता. त्यांच्या घरचं मूल हरवलं नव्हतं, तरी 2013 मध्ये पत्रकावर त्यांनी आपला नंबर छापू दिला होता, आणि नऊ वर्षं तो बदलला नव्हता. त्यांनी फोन उचलला.